बोटीत बसू नको

रविवारच्या पुरवणीत प्रणितचा लेख वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या कॉम्प्युटर गेमबद्दल एक सदर चालतं त्या पुरवणीत, दर आठवड्याला कुणीतरी आपल्या आठवणी लिहितं. या आठवड्याचा लेखक आमचा प्रणित. आमचा म्हणजे भावकीतला. त्याचे वडील आनंदाकाका आणि माझे बाबा काशिराम चुलतभाऊ, आणि आमच्या दोन घरांच्या मधली भिंत पूर्वी एकच होती. लेखाच्या डोक्यावर त्याचा टाय लावलेला फोटो होता.

लेखाचं पहिलंच वाक्य: "ऑरवेन हा गेम म्हणजे एका पातेल्यात शिजत घातलेले पाच पदार्थ, आणि पाचही कच्चे." वाक्य झकास आहे. झकास असणारच, कारण ते माझं आहे. क्लासमध्ये कीबोर्डवर हात ठेवून मी ते म्हणाले होते, हसत, आणि त्या गेमवर जीव होता म्हणून म्हणाले होते. यानं ते उचललं आणि त्यातला जीव तेवढा काढून छापून आणलं.

पुढे साहेब लिहितात: "या गेममध्ये समुद्राचा एक बांध असतो. कथानकाप्रमाणे तो फुटतोच. आम्हा पनवेलच्या पोरांना हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही अख्खा पावसाळा तो वाचवत बसलो. एकदा तर जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ क्लासमध्ये आले आणि पडद्यावरचा बांध खरा समजून माती कशी टाकायची ते आम्हाला शिकवू लागले. आजही आठवलं की हसू येतं."

जवळच्या खेड्यातले एक गृहस्थ. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तू होळीला गेलास, ज्याच्या चुलीवरची बोंबलाची चटणी तुला घरच्यापेक्षा गोड लागायची, त्याचं नाव लिहायला तुला लाज वाटली काय रे? आणि ते खेडं जवळचं कसलं, तुझंच की. बाबा जाऊन वर्ष होत आलं, आता ते काही येऊन बोलणार नाहीत, हे याला नक्की माहीत होतं.

मी लेख आईला वाचून दाखवला. आई वेणू, शाळेत गेलेली नाही. ती तांदूळ निवडत होती.

"खेड्यातले गृहस्थ म्हंजे कोन?" तिनं विचारलं.

"बाबा."

तिचे हात थांबले. दर रविवारी प्रणित मुंबईहून घरी येतो हे तिलाही माहीत आणि मलाही. चार वर्षांत आम्ही त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. मी पेपरची घडी घातली तेव्हा ती मला अडवील असं वाटलं होतं.

"जा मंग," ती म्हणाली.

जाण्याआधी त्या गेमचं सगळं सांगते, म्हणजे मी कशासाठी गेले ते कळेल. आणि प्रणितनं लिहिलंय त्यापेक्षा बरं सांगते.

पंचाण्णव साल. उरण नाक्याजवळ दमयंती मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, खाली गालिचा, मशीनवर फुलाफुलांचं कव्हर. मी तिथं आधी शिकले आणि मग शिकवायला लागले. रविवारी क्लास बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडे. प्रणित कॉलेजात होता. रविवारी जेवून आम्ही दोघं मिनीडोर रिक्षानं पनवेलला यायचो आणि संध्याकाळपर्यंत ऑरवेन खेळायचो. मॅडमच्या भावानं मुंबईहून फ्लॉप्यांचा गठ्ठा आणून दिला होता. त्यासोबत पुस्तक नाही, पत्रक नाही, काही नाही. काय करायचं ते आपलं आपण शोधायचं.

आणि काय काय होतं त्यात! सुरुवातीला बंदरात फिरायचं, माणसांशी बोलायचं, कंदील उचलायचा, दोर उचलायचा, कुठला दोर कुठे लावायचा याची कोडी. तेवढ्यात गेम बदलायचा आणि तुमच्या हातात बोट द्यायचा. वारा बघून शीड फिरवायचं. मग एकदम तलवारबाजी. मग एक अख्खं गाव तुमच्या ताब्यात, कोण नांगरणार, कोण जाळं टाकणार, ते तुम्ही ठरवायचं. त्यानंतर म्हणे सैन्य आणि वेढा. एवढं सगळं एका गेममध्ये कोंबणाऱ्या माणसाची छाती केवढी असेल, असं मला तेव्हा वाटायचं, आणि आजही वाटतं.

जमलं मात्र काही नव्हतं. कंदील विकणारा म्हातारा एकच कंदील दोनदा विकायचा. बोट जरा जोरात वळवली की जमिनीवर चढायची आणि शेतातून चालू लागायची. तलवारीच्या लढाईत कोपऱ्यात उभं राहून एकच बटण दाबत राहिलं की सेनापतीसुद्धा मरायचा. गेम साठवून ठेवायला जागा एकच, नवीन साठवलं की जुनं गेलं. पण भरती यायची तेव्हा पडद्यावरच्या पाण्याचा रंग हळूहळू बदलायचा आणि मशीनमधून एक बारीक घरघर यायची. आम्ही खाडीकाठची माणसं. तो रंग ज्यानं काढला त्यानं कधीतरी समुद्राजवळ बसून पाहिलं होतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

गावाच्या भागात आलो आणि आम्ही तिथंच अडकलो. ते गाव समुद्रापेक्षा खाली होतं, आमच्यासारखंच. पाणी अडवायला बाहेरून मातीचा बांध, आमच्यासारखाच. गावकऱ्यांना नावं द्यायची सोय होती, इंग्रजी आठ अक्षरं मावायची. मी काशिराम घातलं, ते बरोब्बर बसलं. मग वेणू, मग देवळासमोरचा बळीराम. प्रणितनं स्वतःच्या हातानं आनंदा घातलं. टोपी घातलेली बोटाएवढी माणसं, डोक्यावर नाव घेऊन इकडून तिकडे चालायची. आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.

आणि मग एका उधाणाला बांध फुटला. गावात पाणी शिरलं. धक्क्यावर एक बोट येऊन उभी राहिली आणि पडद्यावर अक्षरं आली, की नायका, बोटीत बस आणि राजधानीकडे चल.

शहरातला कुणीही मुलगा बोटीत बसला असता. बांध फुटला, बरं, पुढे काय. आम्हाला ते सुचलंच नाही. आमच्या गावात बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्यानं भगदाड पाडलं, तर त्याचा एकच अर्थ: कुणीतरी आपल्या वाट्याचं काम केलेलं नाही. बांधाचा प्रत्येक तुकडा एकेका घराला वाटून दिलेला असतो. पावसाआधी त्यावर माती चढवायची, खेकड्यांची बिळं बुजवायची. म्हणून आम्हाला वाटलं, चूक आमची. आम्ही मागचं साठवलेलं उघडलं, एक माणूस जाळ्यावरून काढून बांधावर घातला. फुटला. पुन्हा उघडलं, दोन घातले. फुटला. असे आमचे त्या पावसाळ्यातले सगळे रविवार गेले आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

त्याच दिवसांत बाबा क्लासमध्ये आले. आमच्या गावाची जमीन एका सरकारी प्रकल्पात जायची होती. बहुतेक गावानं मोबदल्याचे चेक उचलले होते, बाबांनी नाही. खाडीकडेला आमची भातखाचरं होती आणि बाबांचं म्हणणं होतं की जोवर उभं पीक येतंय तोवर मी सही करणार नाही. प्रकल्पाचं ऑफिस पनवेलातच. तिथल्या कामासाठी ते शनिवारी आले होते, साहेब भेटला नाही, रात्री आत्याकडे राहिले आणि रविवारी मला घेऊन घरी जावं म्हणून क्लासच्या दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या, पाय धोतराच्या सोग्यानं पुसले आणि माझ्यामागे खुर्चीवर बसले.

त्यांनी बराच वेळ नुसतं बघितलं. मी त्यांना सांगितलं की हा खेळ आहे, आणि खेळ काय आहे. त्यांना कळलं. हे मी ठासून सांगते, कारण प्रणितनं लिहिलंय की त्यांनी तो बांध खरा मानला. बाबांना खऱ्या बांधातलं आणि खोट्या बांधातलं अंतर कळत होतं. प्रणित, तुझ्या बापाला कळलं नाही तेवढं कळत होतं.

"सगली मानसं किती हायत?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. "आनि बांदाव कितीक? अर्धी? अर्ध्यांनी काय व्हनार? नांगर बंद कर. जाली बंद कर. घरटी येक मानूस बांदाव घाल."

प्रणितनं सगळे बांधावर घातले. बांध फुटला. बाबा पुढे सरकले. म्हणाले, आता आधीपासून घाल, उधाण यायच्या आधीपासून. घातले. फुटला, आणि त्याच जागी फुटला.

बाबा मागे टेकले. त्यांच्या शिकवण्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता आणि ते त्यांना आमच्याआधी उमगलं.

"ह्याचा बांद फुटायचा आदीच ठरलेला हाय," ते म्हणाले. "ज्यानं खेल बनवला त्यानं ठरवलंय. मानसं घातली काय, नाय घातली काय. ह्यो आपला बोटीत बसून जायचा, म्हनून गाव बुरवलंय."

इतके दिवस आम्हा दोघा शिकलेल्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं असं नाही. यायला लागलं होतं. पण आम्हाला ते मानायचं नव्हतं. मी चिडून मशीन बंद करायला निघाले, तर बाबांनी माझा हात धरला.

"थांब. ही बग अजून माती टाकतान."

खरंच टाकत होती. बांध फुटला होता, गाव बुडालं होतं, धक्क्यावर बोट उभी होती, अक्षरं लुकलुकत होती, आणि ती बोटाएवढी माणसं टेकडीवरून टोपली भरून आणत होती आणि खांडीत ओतत होती. पाणी ती माती घेऊन जायचं. माणसं परत फिरायची आणि परत टोपली भरायची. काशिराम पुढे, त्यामागे आनंदा, मग वेणू, मग बळीराम. गेम बनवणाऱ्याला त्यांना थांबवायचं लक्षात राहिलं नव्हतं. त्यानं गृहीत धरलं होतं की बांध फुटला की खेळणारा बोटीत बसेल, मागे वळून बघणार कोण.

बाबा बघत राहिले. एक माणूस दुसऱ्याला ओलांडून गेला की ते मान हलवायचे. असे शांत बसलेले बाबा मी त्या वर्षात दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

"बोटीत बसू नको," ते म्हणाले.

"पन बाबा, मंग गेम म्होरं जानार नाय."

"नाय जाऊ दे."

मी तिथंच गेम साठवला. जागा एकच, त्यामुळे आधीचं सगळं पुसलं गेलं. त्यानंतर आम्ही ऑरवेन खेळलो नाही, नुसता बघितला. रविवारी यायचं, मशीन चालू करायचं, आपली माणसं टोपल्या घेऊन चालली आहेत ते बघायचं, शेंगदाणे खायचे आणि घरी जायचं. प्रणित म्हणायचा, माझा बापूस बघ कसला कामाला लागलाय. तेव्हा त्याला त्यात मजा वाटायची. प्रणितनं आपल्या लेखात या चालणाऱ्या माणसांना 'एक विनोदी चूक' म्हटलं आहे.

कोजागिरीच्या दिवशी भर दुपारी आमचा खरा बांध फुटला.

भात लोंबीला आलं होतं. उधाणाची भरती दुपारची, आणि आम्ही जेवत होतो. बळीरामकाका देवळाच्या पारावर उभं राहून ओरडले, "खांड गेली, खांड गेली." आमच्याकडे ही हाक आली की खांड कुणाच्या वाट्यात पडली ते विचारायचं नसतं. ताटावरचा माणूस ताटावरून उठतो, घमेलं आणि फावडं घेतो. घरटी एक माणूस, मग घरात सुतक असो की लग्न असो. माझ्या आजोबांच्या दहाव्याला खांड पडली होती तर बाबा मुंडण केलेल्या डोक्यानं चिखलात उतरले होते.

मी पण उठले, आई उठली. बाहेर येऊन बघते तर गल्लीत दारं उघडी आणि माणसं आपापल्या ओट्यावर उभी. उतरत कुणी नाही. प्रकल्पाच्या ऑफिसातल्या साहेबानं सांगून ठेवलं होतं की ज्यांनी चेक घेतला त्यांचा जमिनीशी आणि बांधाशी संबंध संपला. आणि लोकांना ते किती पटकन पटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, आणि तो एका खुर्चीतल्या माणसाच्या एका वाक्यानं संपला. साहेबाचा मला राग आहेच, पण तो परका होता. ओट्यावर उभे होते ते परके नव्हते.

खांड पडली होती आनंदाकाकांच्या वाट्यात. चेक घेतल्यापासून त्यांनी तिथं मातीचं एक ढेकूळ टाकलं नव्हतं. त्याला लागून आमचा तुकडा, आणि त्याच्या आत आमचं भात.

बाबा त्यांच्या ओट्याशी गेले. प्रणित घमेलं घेऊन बाहेर आलेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"आनंदा, चल," बाबा म्हणाले.

"माजं काय हाय आता तिकरं?" आनंदाकाका म्हणाले. "मी चेक घेतलाय."

"माजं हाय ना अजून. माजं भात उबं हाय."

आनंदाकाका प्रणितकडे वळले आणि म्हणाले, "घमेला ठेव खाली." त्यानं ठेवलं. काका आत गेले, त्यांच्यामागे तो गेला, आणि दार लोटलं गेलं. बाबा वळले आणि बांधाकडे निघाले.

सुकतीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर, जी वेळ मिळते तेवढ्यात खांड बांधायची असते. बांबूचे खुंट ठोकायचे, पेंढा दाबायचा आणि रांगेत उभं राहून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. रांग लांब लागते. आमची रांग म्हणजे बाबा, आई, मी, बळीरामकाका आणि अजून चेक न घेतलेली चार-पाच घरं. रांगेत इतकी अंतरं होती की ढेकूळ घेऊन धावावं लागत होतं. संध्याकाळी पाणी परत फिरलं तेव्हा खांड कंबरेएवढीसुद्धा भरली नव्हती. खुंट एकेक करून निघाले. सगळे मागे आले, बाबा आले नाहीत. पाणी वरून वाहत होतं आणि ते त्यात ढेकळं टाकत होते. आईनं दंडाला धरून त्यांना ओढून आणलं.

अख्खं गाव उतरलं असतं तर खांड बांधली गेली असती. हे मी रागात बोलत नाही, बळीरामकाकांनाही विचारा. आमचा बांध फुटायचा ठरलेला नव्हता. तो फुटू दिला गेला.

भात खाऱ्या पाण्यात सडलं. पुढच्या वर्षी साहेब येऊन बघून गेला आणि जमीन पडीक आहे असं म्हणाला. बाबांनी सही केली. आनंदाकाकांच्या दारात ते पुन्हा गेले नाहीत, काकाही आमच्याकडे आले नाहीत. काकांनी दोन मजली घर बांधलं तेव्हा मधली भिंत पाडून आपली वेगळी घेतली. बाबांच्या मयताला ते आले होते, पण अंगणात नाही, रस्त्यावरच उभे राहिले.

बांध फुटल्यानंतरच्या रविवारी मी क्लासला गेले. प्रणितही आला, मान खाली घालून. मी मशीन चालू केलं. काशिराम पुढे, आनंदा मागे, टोपल्या चाललेल्या.

"बग," मी त्याला म्हटलं, "तुजा बापूस हितं तरी आलाय."

मी बोलले ते बरोबरच बोलले.

मधल्या दिवसांत कधीतरी तो एकटाच क्लासमध्ये येऊन गेला. पुढच्या रविवारी मी गेम उघडला तर पडद्यावर भर समुद्र. नायक बोटीच्या टोकावर उभा, गाव कुठेही नाही. तो बोटीत बसला होता, आणि त्यानं गेम साठवला होता. जागा एकच. काशिराम, वेणू, बळीराम, आनंदा, सगळे पुसले गेले होते.

मी त्याला दुसऱ्या दिवशी क्लासवरच गाठून विचारलं. म्हणाला, "कंटाळा आला होता. शेवट बघायचा होता." इतक्या जोरात ओरडले मी त्याच्यावर की दमयंती मॅडम आतून धावत आल्या. एवढ्याशा खेळावरून भांडता, लहान आहात का, असं म्हणाल्या आणि सगळ्या फ्लॉप्या कपाटात टाकल्या. तिथं त्यांना बुरशी लागली, मग क्लासही बंद झाला. मी प्रणितशी बोलणं सोडलं ते सोडलंच. गेमचा शेवट काय होता ते मला आज त्याच्या लेखातून कळलं. नायक राजा होतो. बुडालेल्या गावाचं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

तर मी पेपर घेऊन गेले. आनंदाकाका पडवीत झोपाळ्यावर बसले होते, प्रणित खुर्चीत चहा पीत होता. चकचकीत लादी. मी चपला काढल्या नाहीत.

"वाच," मी प्रणितला म्हटलं. "तुज्या बापसाला वाचून दाव."

"मनिषा, तो एक हलकाफुलका लेख आहे," तो म्हणाला. माझ्याशी शहरी भाषेत बोलला.

मग मीच वाचला. सावकाश वाचला, खेड्यातल्या गृहस्थांपर्यंत. काका ऐकत होते. त्यांना लेखाबद्दल काही ठाऊक नसावं, पोराचा फोटो छापून आला एवढंच ठाऊक असावं.

"तो गृहस्थ म्हंजे कासिराम?" त्यांनी विचारलं.

"होय."

काकांनी प्रणितकडे पाहिलं. प्रणितनं कप खाली ठेवला. मला वाटलं होतं की एवढं झालं की माझं मन निवेल, पण ते निवलं नाही, उलट मला अजून काहीतरी हवं होतं.

"ह्यानं येक लिवलं नाय काका," मी म्हणाले. "त्या खेलात आमी मानसांना नावं घातलेली. तुमचं पन होतं. ह्यानंच घातलेलं. तुमी बांदाव होता."

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली.

"मी?"

"तुमी. बाबांच्या मागं, टोपली घेऊन. बांद फुटला, सगलं गाव बुरलं, तरी तुमी दोगं माती टाकीत होता."

"कवापरत?"

"थांबतच नव्हता."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते आता खूप थकले आहेत, हे मी चार वर्षांत भिंतीपलीकडून पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मान वळवली, माझ्याकडे नाही, पोराकडे.

"माना दाव," ते स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले.

"बाबा, तो जुना गेम आहे, आता कुठे..."

"तुज्याकरं येवरा कांप्युटर हाय ना वरती. दाव माना. कासिरामच्या मागं मी कसा दिसतंय, येकदा दाव."

प्रणित माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी बोलेन, फ्लॉप्यांना बुरशी लागली म्हणेन, क्लास बंद झाला म्हणेन, असं त्याला वाटलं असावं. मी तोंड उघडलं नाही.

"नाय आता ते," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडी घरची भाषा आली. "माना बगवत नव्हता. मी बोटीत बसलो."

कुठल्या बोटीत, असं आनंदाकाकांनी विचारलं नाही. मी पेपर झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी ठेवला आणि घरी आले.